चौथा कोपरा

मंगळवारी सकाळी उंदरांनी आमच्या गिरणीचा एक कोपरा नेला. बाजरीची पोती ज्याला टेकून उभी असायची, तोच. पोती आडवी पडली होती आणि तिथल्या दोन भिंती गोल होऊन एकमेकींत मिसळल्या होत्या. मी केरसुणी फिरवली तर ती कुठे अडलीच नाही, घसरत सरळ पुढच्या भिंतीवर गेली.

"अण्णा, कोपरा नेला," मी म्हणाले.

अण्णा चक्कीचा पट्टा चढवत होते. "नेला तर नेला. अजून तीन आहेत."

अण्णा म्हणजे माझे वडील. ते उंदरांना उंदीर म्हणत नाहीत, मामा म्हणतात, आणि मामांशी भांडायचं नसतं असं त्यांचं म्हणणं. माझं तसं नाही. मी नववीत आहे आणि दिवाळीनंतर आमच्या खो-खो संघाची कॅप्टन झालेय. तेव्हापासून माझा आवाज मलाच फार आवडायला लागलाय. नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी ओरडून सांगते, पाठीवर हात पडून खो ऐकू येईपर्यंत जागचं हलायचं नाही, आणि ऐकू आला की एक क्षण बसून राहायचं नाही. मग समोर कुणी का असेना.

बुधवारी दुसरा कोपरा गेला, तराजूजवळचा. कोपरा गेला की गिरणी आत येते हे तेव्हा कळलं. चक्कीपासून दारापर्यंत माझी अकरा पावलं व्हायची, ती सात झाली. बनसोडेकाकू ज्वारीचा डबा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय गं वैजू, गिरणी धुऊन वाळत घातलीत का? आटलीय."

"दोन कोपरे गेलेत, काकू."

"अगं बाई! मग मी डबा कुठं ठेवू? कोपऱ्यात ठेवला नाही तर माझा नंबर जातो. त्या बिल्डिंगवाल्या मध्येच घुसतात."

"हातात धरा."

"हातात? कॅप्टन झाल्यापासून जीभ बरीच लांब झालीय हं तुझी."

पण धरला.

त्याच दिवशी निरोप आला, परवान्याचे साहेब शनिवारी येणार. नियम सगळ्यांना पाठ आहे. गिरणीत उंदीर नकोत आणि कोपरे चार हवेत. नाहीतर दाराला सील.

सील लागलं तर अण्णांचं काय होईल ते मला माहीत होतं. मागे दगड बदलायचा म्हणून चक्की आठवडाभर बंद होती. अण्णा रोज येऊन तिच्याशेजारी बसायचे आणि रोज थोडे पातळ व्हायचे. त्या शनिवारपर्यंत त्यांच्या पोटातून मागचं कॅलेंडर वाचता येत होतं. आईने एकादशी कधी आहे ते तसंच वाचलं. चक्की सुरू झाली आणि ते भरून आले, पण तो फक्त एक आठवडा होता. सीलला आठवडे नसतात.

गुरुवारी तिसरा कोपरा गेला. संध्याकाळी गिरणी बंद करताना अण्णा मूठभर गहू घेऊन उरलेल्या एकुलत्या एका कोपऱ्याकडे निघालेले मी पाहिले.

"हे काय?"

"मामांची मूठ. माझे वडील ठेवायचे, मीही ठेवतो. रोज."

"कुठल्या कोपऱ्यात?"

"आधी बाजरीच्या ठेवायचो. तो गेला म्हणून तराजूजवळ. तोही गेला, मग..."

"अण्णा, तुम्ही मूठ ठेवता तोच कोपरा ते नेतात. त्यांना वाटतं दिलाय."

"मग काय उपाशी ठेवायचं?"

मी त्यांची बोटं एकेक करून उघडली आणि गहू परत पोत्यात टाकला. "आजपासून हो."

शुक्रवारी मी शाळा बुडवली. आईने आणि मी सगळी पोती फळ्यांवर चढवली, भिंतीपासून हातभर लांब. सांडलेलं पीठ चक्कीखालून खरवडून काढलं. दाराच्या फटीला पत्र्याची पट्टी ठोकली. मग बिळं. भांडी घासायची तारेची घासणी कोंबायची आणि वर सिमेंट थापायचं. तार त्यांच्या दातांत अडकते. पण बुजवण्याआधी मी प्रत्येक बिळात खांद्यापर्यंत हात घातला.

पहिल्यात बाजरीचा कोपरा होता. घडी घातलेला, पापडासारखा हलका, जाळ्यासकट. जागेवर लावला तशा भिंती कुरकुरत मागे सरकल्या. दुसऱ्यात तराजूजवळचा सापडला. तिसऱ्यात माझी बोटं कोपऱ्याला लागली, पण तो उबदार होता, आणि पलीकडून कुणीतरी धरून ठेवला होता.

"सोडा," मी म्हणाले.

त्यांनी ओढला. मीही ओढला. शाळा सुटल्याची घंटा होईपर्यंत आम्ही ओढत होतो. मग तो माझ्या बोटांतून निसटला.

शनिवारी सकाळी सिमेंट संपलं होतं, घासण्या संपल्या होत्या आणि ते बीळ उघडं होतं. बाहेर साहेबांची स्कूटर थांबली.

"वैजे," आई म्हणाली, "एक तर कोपरा आण, नाहीतर बीळ बुजव. दोन्ही नाही जमायचं."

दोन्ही जमलं. निसटलेला तो चौथा कोपरा जिथे असायचा तिथे, त्याच बिळापाशी, मी खो-खोत बसतात तशी बसले, पाठ बिळावर घट्ट लावून. भिंती वळल्या, जवळ आल्या आणि माझ्या दोन्ही खांद्यांना येऊन टेकल्या. जड नव्हत्या.

साहेबांच्या एका हातात खडू होता आणि दुसऱ्या हातात घरच्या गव्हाचा डबा. प्रत्येक कोपऱ्यावर खडूने रेघ मारत ते फिरले. "एक. दोन. तीन." माझ्यापाशी थांबले. "हा नवा दिसतोय."

"रंग दिलाय," अण्णा म्हणाले.

साहेबांनी माझ्या कपाळावर रेघ मारली. "चार. आणि उंदीर?"

"एकही नाही," मी म्हणाले.

"कोपरा बोलतो?"

"आवाज घुमतो, साहेब," आई म्हणाली. "रिकामी गिरणी आहे ना."

साहेबांना पटलं. त्यांनी डबा माझ्या गुडघ्यांना टेकवून ठेवला आणि म्हणाले, "बारीक दळा हं, पोळ्यांसाठी." मग स्टुलावर बसून कागद मांडीवर घेतला.

अण्णांनी चक्की सुरू केली. पीठ उडालं, त्यांच्या भुवयांवर बसलं. मी त्यांच्या पोटाकडे पाहिलं. मागचं कॅलेंडर अजिबात दिसत नव्हतं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

माझ्या पाठीवर एक इवलासा, कोमट पंजा टेकला.

"खो," मागून कुणीतरी म्हणालं.