कापलेल्या पट्ट्या

पुरावा नाही म्हणून आज चार वाजता सर शिंपिणीच्या लेकीचं संशोधन बंद करणार, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. ती मात्र सकाळी नऊला व्हरांड्यात खुशाल चहा पीत बसली होती. आपलं खरं आहे म्हटल्यावर घाबरायचं कशाला?

तीन वर्षं तिचं म्हणणं एकच. जंतू शिरले की पेशीतलं एक प्रथिन गाभ्यात जातं आणि लढाईची जनुकं चालू करतं. लढाई संपली की त्याला इवल्या प्रथिनांच्या चिठ्ठ्या चिकटतात, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी, आणि चिठ्ठ्या लागलेलं प्रथिन पेशी मोडीत काढते. नाही काढलं तर सूज उतरायचं नाव घेत नाही.

"चिठ्ठी दाखव," सर म्हणायचे. तीच तर दिसत नव्हती!

सरांना पाठीमागे सगळे 'कात्री' म्हणत. प्रथिनं वजनाप्रमाणे, जड वर नि हलकी खाली, अशी कागदावर उतरवली, की आपलं प्रथिन येतं तेवढाच भाग ठेवायचा, वरचा कापायचा, प्रथिन दाखवणारं महागडं रसायन वाया घालवायचं नाही, हा त्यांचा दंडक.

कप ओठाशी नेता नेता ती थांबली. चिठ्ठी लागली की वजन वाढणार. वजन वाढलं की प्रथिन वरच अडकणार.

"अगं बाई! काखेत कळसा नि गावाला वळसा!"

"पण वरचा कागद गेला की कचऱ्यात," मदतनीस ताई हळहळल्या.

"माझा नाही गेला. आमच्या घरी चिंधीसुद्धा टाकत नाहीत."

फ्रीजमध्ये कापलेल्या पट्ट्यांची तिची सगळी पाकिटं होती, तारखेसकट. चिठ्ठीवाली प्रथिनं टिकावीत म्हणून मोडतोड औषधाने थांबवलेल्या पेशींची, गेल्या आठवड्यातली पट्टी तिने काढली आणि तिच्यावर रसायन ओतलं. तीन वाजता पडद्यावर रेघा उमटल्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकीवर एक, दर चिठ्ठीमागे एक. तिला वाटलं होतं आनंदाने रडू येईल. आला तो राग. तीन वर्षं!

चार वाजता सरांनी पडद्यावरच्या रेघा बोटाने एकेक करून मोजल्या.

"हे कापायला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच, सर."

"आणि ठेवायला?"

"आईने."

सरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तीन वर्षं मी तुझं उत्तरच कापायला लावत होतो."

"हो, सर." तिने शब्द मऊ केला नाही.

त्यांनी खिशातली कात्री काढून तिच्या टेबलावर ठेवली. "उद्यापासून अख्खा कागद."

"आजपासून, सर. अजून एकशे बारा पट्ट्या बघायच्यात."

सरांनी हातमोजे चढवले.