न नेलेले फोटो

पंखा एकवर ठेवायचा. दोनवर ठेवला की माणसं भिंतीला चिकटतात.

हसणारा माणूस गंभीर माणसाच्या आधी पिवळा पडतो.

श्राद्धाला पाटावर मांडायला फोटो नसेल तर सुपारी चालते, असं गुरुजी म्हणाले. मी अकरा वर्षं सुपारी मांडतो आहे.

माझ्या बाहेरच्या खोलीत सात जण बसलेत. बाजूने पाहिलं तर एकही दिसत नाही.

हे सात जण मी इंटरनेटवरून आणले. आमच्या कराडातला एक फोटो स्टुडिओ बंद झाला, तेव्हा मालकाच्या नातीने कपाटातले सगळे जुने फोटो वेबसाइटवर चढवले. लोकांनी हौसेने काढून घेतलेले आणि मग कोणीच न्यायला न आलेले. अकराशे चाळीस. प्रत्येक फोटोखाली दोन रिकाम्या चौकटी: नाव आणि नातं. त्या भरल्या की खुर्चीवरचा माणूस उठून निघून जातो, मागे पडद्यावर रंगवलेलं तळं तेवढं उरतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दारात उभा असतो. आपण लिहिलं ते त्याचं नाव, आपण लिहिलं ते नातं. त्यात पुढे बदल होत नाही.

पहिला आला तो चष्मेवाला. पत्ते खेळेलसा वाटला, म्हणून लिहिलं: गजानन, मावसभाऊ. मला मावशी नाही.

"आलो," तो दारात म्हणाला.

"पाय पूस," मी म्हणालो.

पत्ते त्याला उचलता आले नाहीत. पण बसला छान. मग एक आत्या आणली. मग दोन जुळ्या पुतण्या. घर भरत गेलं.

चारशे बारा नंबरवर शालन होती. माझी बायको. वेताच्या खुर्चीवर बसलेली, एक हात फुलदाणीवर, नजर कॅमेऱ्याच्या जराशी डावीकडे. चोवीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेली. घरात तिचा एकही फोटो नाही. लग्नातला रोल कोरा निघाला होता आणि नंतर राहूनच गेलं.

मी नाव लिहिलं आणि थांबलो. आधी कै. लिहायचं का? लिहिलं तर ती कशी येईल? न लिहावं तर ते खोटं, आणि हिच्याबाबतीत मला खोटं लिहायचं नव्हतं.

"आमच्या वेळी एवढा विचार नाही केलास," गजानन मागून म्हणाला.

"ही खरी आहे रे."

"मग तर आटप लवकर."

मी कै. लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. शालनने फुलदाणीवरचा हात काढला, पदर सारखा केला आणि ती उठून गेली. खाली अक्षरं उमटली: ओळख पटली. शोभना, धाकटी बहीण. कलावती माने, फलटण.

तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी फलटणला गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. भर एप्रिलात सगळे पंखे बंद असलेलं ते एकच घर होतं.

दार उघडलं ती बाई सत्तरीची, माझ्याच वयाची.

"कोण पाहिजे, भाऊ?"

"माझी बायको तुमच्याकडे आली आहे."

"कितवा नंबर?"

"चारशे बारा."

"ती आमची शोभी. धाकटी बहीण हाय माझी."

"तुम्हाला शोभना नावाची बहीण होती?"

"नव्हती. म्हणून तर आणली. तुमच्याकडं किती हायत?"

"सात."

"त्यातली तुमची किती?"

मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

"मग? या आत. उकडंल जरा."

आत दोन्ही भिंतींना टेकून माणसं बसली होती. मी पुढे जाईन तशी खोली लांबत गेली आणि मधली वाट अरुंद होत गेली. ओलांडताना प्रत्येक जण गुडघे आखडून घेत होता. शेवटी मला अंग चोरून, आडवं चालावं लागलं.

"कुठं गेलात हो?" कलावतीबाईंनी मागून विचारलं.

"इथेच आहे," मी म्हणालो आणि त्यांच्याकडे तोंड वळवलं.

"हां, आत्ता दिसलात."

शालन अगदी टोकाला होती.

"शालन," मी म्हणालो. ती हलली नाही.

"शोभे," कलावतीबाईंनी हाक मारली.

"काय गं अक्का?" आवाज तिचाच होता.

"हे भाऊ कोण लागतात तुझे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या जराशी डावीकडे. बराच वेळ पाहिलं.

"मी नाही ओळखत," ती म्हणाली. "पण दमलेत गं. बसायला दे त्यांना."

कलावतीबाईंनी ओळीच्या शेवटी खुर्ची ठेवली. मी बसलो. शालनने माझ्यासाठी गुडघे थोडे सरकवले आणि समोर बघत राहिली.

१९८१च्या दिवाळीआधी तिने मला दोनदा आठवण करून दिली होती, की बाजारात जातच आहात तर स्टुडिओतून माझा फोटो तेवढा घेऊन या.