शेजारच्या मशीनचा आवाज

कॉलर लावणारा लंबू मशीन बंद करून काकींच्या टेबलापाशी आला, तेव्हा शिवणकामाच्या सगळ्या लाइनीचे कान टवकारले. काकी म्हणजे लाइनीच्या सुपरवायझर. त्यांचे केस याच कारखान्यात पिकलेले.

"काकी, महिनाभर रजा हवी होती. मुलगी झालीय. बायकोचं पोट शिवलंय, घरात तिसरं माणूस नाही. बापालाही रजा असा कारखान्याचा नवा नियम झालाय ना?"

"बाळंतीण कोण रे, ती का तू?" बटणवाली खिदळली. "पट्टा बांधून देऊ का पोटाला?"

लाइनभर हशा पिकला. लंबूची मान खाली गेली. धाकटे मालक केबिनच्या दारात आले.

"नियम आहे, नाही कोण म्हणतंय? पण लाइन तुटली तर ऑर्डर बुडेल. काकी, तुम्ही म्हणाल तसं."

काकींच्या ओठांवर उत्तर तयार होतं. आम्ही नाही का केलं? ओल्या बाळंतपणात येऊन बसलो, रडलो का कधी?

पण लंबूचं मशीन गप्प होतं, आणि त्या गप्पपणानं काकींना कुठल्या कुठे नेलं.

तेव्हाचे साहेब काचेआड बसून लाइन कानानं राखायचे. एक आवाज खंडला की हाक आलीच. काकींचं तान्हं मागच्या गल्लीत सासूच्या मांडीवर भुकेनं कळवळायचं, इकडे पोलकं दुधानं भिजायचं. मग शेजारची मैना डोळा मिचकावायची, "पळ गं बये!" तिचा एक पाय आपल्या पेडलवर, दुसरा ताणून काकींच्या. रिकामं मशीन घरघरत राहायचं, काकी मागच्या दारानं पसार. आणि मैना त्याच तालावर गुणगुणायची,

टाक्यामागे टाका, दोरा पळे पुढे पुढे
पायाशी मशीन, मन पाळण्याच्या कडे

संध्याकाळी मैनेचा पाय सुजलेला असायचा. "दुखतो का गं?" विचारलं की म्हणायची, "तुझी लेक पोटभर पिते ना? मग माझा पाय कशाला कुरकुरेल!" तिची स्वतःची कूस रिकामीच राहिली. आता मैनाही नाही.

आम्ही केलं म्हणे! केलं ते मैनेच्या पायानं.

काकी उठल्या, लंबूच्या मशीनवर जाऊन बसल्या.

"मालक, लाइन तुटत नाही. कॉलर मी लावते."

"काकी, या वयात?"

"हात शाबूत आहेत अजून. उरतील त्या कॉलर बटणवाली लावेल. तिचं तोंड चालतं तसे हातही चालतात."

पुन्हा हशा, बटणवालीही हसली, जीभ चावून.

"आणि त्याची रजा मांडा. पगारी, नियमात आहे तशी."

मालकांनी होकारार्थी मान हलवली. लंबू डबा उचलून सवयीनं मागच्या दाराकडे वळला.

"तिकडून नाही रे," काकी सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "पुढच्या दारानं जा. ताठ मानेनं."

तो गेला. काकींनी पेडल दाबलं. मशीन घरघरलं, आणि ओठांवर कधीची ती ओळ आपसूक आली.