ब्रेक सगळ्यात शेवटी

थंडी पडली, शेतातली कामं थांबली, की आमचे हे शेडमध्ये घुसतात ते थेट पेरणीलाच बाहेर येतात. यंदा जुन्या लाल ट्रॅक्टरची पाळी होती. आधी इंजिन, मग रंग आणि ब्रेक सगळ्यात शेवटी, असं यांनी ठरवून टाकलं. मी म्हटलं, चालेल कसा ते नंतर बघा, आधी थांबेल कसा ते बघा. पण बायकोचं ऐकलं तर मेकॅनिक कसले!

ब्रेक धरत नाही, म्हणून गिअरमध्ये टाकून उभा करायचा, ही यांची शेतातली सवय. चावीचं बटण मेलेलं, म्हणून मोठ्या चाकापुढे उभं राहून स्टार्टरला स्क्रू ड्रायव्हर टेकवून इंजिन चालू करायचं, ही दुसरी. एकेक सवय खपून जाते. दोन्ही एकदम जुळल्या की गिअरमधला ट्रॅक्टर चालू होताच माणसाच्या अंगावरूनच जातो. पलीकडचा वेल्डर तसाच गेला. त्याला चाकाखालून ओढून काढलं ते यांनीच, तरी पालथ्या घड्यावर पाणी.

बंद करताना गिअर काढतोच मी, म्हणायचे. काढतात कसले! सकाळी झाडायला जावं तर दांडा गिअरमध्येच. बोललं की दिवसभर तोंड फुगणार. मग मीच मुकाट्याने दांडा न्यूट्रलला आणायचे आणि चहा टाकायला वळायचे. जीव वाचतोय ना, मग झालं.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून मी माहेरी गेले. सकाळी तिच्या डोळ्यात थेंब घालताना एकदम शेड आठवलं. तशीच उठून फोन लावला. हे भलतेच खुशीत होते. नवे पिस्टन बसले होते, मला इंजिनाचा आवाज ऐकवायचा होता.

"आधी गिअर बघा," मी म्हटलं.

हे हसले. "अगं, इतके दिवस बघत आलो. एकदा तरी गिअरमध्ये सापडला का? आता बघायचंच सोडलंय मी. थांब, फोन कट्ट्यावर ठेवतो."

"अहो, तो मी काढत होते! रोज मीच..."

फोन ठेवल्याचा खट्ट आवाज आला. मी ओरडत राहिले. आई घाबरून उठून बसली. तिकडे ठिणगी तडतडली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं. काय सुरेख आवाज होता मेल्याचा! मग तो आवाज फोनपासून लांब जायला लागला, आणि हे काही बोललेच नाहीत.