चांदाची डबी

पूनमच्या डाव्या गालावर, नाकपुडीपासून कानाच्या दिशेने, एक लाल रेष होती. भुवया कोरायच्या दोऱ्याहून बारीक. प्रतीक्षाने ती बोटाने दाबली तेव्हा नाहीशी झाली आणि बोट उचलताच पुन्हा भरली. ओरखडा दाबल्याने जात नाही. ही आतली रक्तवाहिनी होती, आणि ती दिसत होती कारण वरची कातडी पातळ झाली होती.

"ताई, करा ना," पूनम डोळे मिटूनच म्हणाली. "मले झोप येऊन राह्यली."

प्रतीक्षाने दोऱ्याचं टोक पुन्हा दातात धरलं. दुपारपासून वीज नव्हती, म्हणून तिने खुर्ची दाराकडे वळवली होती. ट्यूबलाइटखाली ही रेष कदाचित दिसली नसती.

अमडापूरच्या बाजाराच्या रस्त्यावर, घराच्याच पुढच्या खोलीत, तिने पार्लर काढलं त्याला दोन वर्षं होत आली होती. सुरुवातीला बाया फक्त भुवया करायला यायच्या, आणि "घरचीच तं हायस" म्हणून पैसे न देताच निघून जायच्या. बोअरच्या पाण्याने वाफेच्या यंत्रात पांढरा थर धरायचा. ती तो व्हिनेगरने सोडवायची. बी.एस्सी.चा तेवढाच उपयोग झाला, असं नवरा गमतीने म्हणायचा. फेशियलच्या सामानाची मुदत ते उघडण्याआधीच संपायची. मग खामगावच्या एका ठोक दुकानदाराने पांढरी डबी दिली. झाकणावर सोनेरी चंद्र. आत काय आहे ते कुठेच छापलेलं नाही. ती लावली की आठवड्यात चेहरा उजळायचा. आसपासच्या गावांतून बाया चांदाची डबी मागत येऊ लागल्या, आणि आलोच आहोत तर म्हणून फेशियलही करून जाऊ लागल्या. दुकान उभं राहिलं ते त्या डबीवर.

लेबल नसलेली बाटली वापरायची नाही, हा कॉलेजच्या प्रयोगशाळेतला नियम प्रतीक्षा विसरली नव्हती. इतक्या लवकर उजळवणारं औषध बहुधा स्टिरॉइड असतं आणि ते कातडी पातळ करतं, याचाही तिला अंदाज होता. हा माल संपू दे, असं तिने आधी ठरवलं. मग दिवाळी होऊ दे. मग लग्नसराई. सगळं मनातच ठरत होतं, त्यामुळे पुढे ढकलणंही सोपं जात होतं.

भुवया झाल्या. पूनमने आरशात पाहिलं आणि पिशवीतून लग्नाची पत्रिका काढली. कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेलं होतं.

"देवाले देल्ली, आता तुमाले. मेकअप तुमीच कराचा. माह्या चुलत बहिनी, वहिन्या, साऱ्या इथंच येतीन."

टॉवेलांच्या घड्या घालत बसलेल्या वच्छलाबाई, प्रतीक्षाच्या सासूबाई, लगेच उठल्या. ही खोली पार्लरला मिळावी म्हणून त्या घरात सगळ्यांशी भांडल्या होत्या.

"पोरगा कुठला व माय?"

"देऊळगाव राजाचा."

"बालाजीच्या गावचा? मोठं गाव ते. मंग नवरी उजळच पाह्यजे."

प्रतीक्षाने दोऱ्याचं रीळ खाली ठेवलं. दिवसभर वाकून तिची मान भरून आली होती.

"पूनम, गाल जळतात का तुहे?"

"उन्हात गेली का जळतात. मधात दोन दिवस नाई लावली तं टमाट्यावानी लाल झालती मी. डबी लावली अन् थंड पडलं." ती हसली. "म्हून तं आज दोन द्या."

"दोन काऊन?"

"एक माह्या बहिनीले, प्रियाले. सातवीत हाय. पन फोटोत माह्या बाजूले उभी राह्यली का लय काळी दिसते. आतापासून लावली तं लग्नापर्यंत उजळीन."

"मले सातवीच्या वयात कोनी देल्ली अस्ती," वच्छलाबाई म्हणाल्या, "तं हिचा सासरा नाई, तहसीलदार भेटला अस्ता." त्यांनी काचेच्या कपाटातून दोन डब्या काढून पत्रिकेशेजारी ठेवल्या.

पूनम हसत हात पुढे करत होती. प्रतीक्षाने डब्यांवर आपला हात ठेवला.

"काय झालं, ताई? नसन द्याची तं सांगा. चिखलीत भेटते मले."

हे खरं होतं. चिखलीत डबी मिळत होती, आणि मेकअप करणाऱ्याही होत्या.

वच्छलाबाई सुनेजवळ सरकल्या. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. पण प्रतीक्षा घरातल्या कुणालाच ही डबी लावू देत नाही, हे त्यांनी कधीच पाहून ठेवलं होतं.

"एवढं लग्न होऊ दे," त्या हळूच म्हणाल्या. "मंग पाहू."

शब्द प्रतीक्षाच्या मनातलेच होते. दुसऱ्याच्या तोंडून तिने ते पहिल्यांदाच ऐकले. तिने डब्या उचलून आपल्या मागे, खिडकीत ठेवल्या. पत्रिका होती तिथेच राहू दिली.

"पूनम, घरी उरलेली डबी तू एकदम बंद नोको करू, तोंड आनखी भडकन. उद्या बुलडाण्याले कातडीच्या डॉक्टरकडे जाऊ, मी येईन तुह्यासोबत. प्रियाले मात्र लावाची नाई." मग ती सासूबाईंकडे वळली. "अन् आई, ही डबी आजपासून आपल्या दुकानात मिळनार नाई. कोनालेच."