बागेकडचा सरकता दरवाजा

मी बोलतोय, पण आडवा पडून. दरवाजानं उभं राहून बोलावं हे मलाही कळतं, पण आता मला उभं करणारं कुणी उरलेलं नाही. इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावाबाहेर रॉय नावाच्या एका म्हाताऱ्याचा भाजी लावायचा जमिनीचा तुकडा आहे. तिथल्या एका वाफ्यावर मी झाकण होऊन पडलोय. माझ्या काचेखाली सॅलडची कोवळी पानं वाढतायत आणि गोगलगाई माझ्या अंगावरून खुशाल फिरतायत. पण मी असा रस्त्यावरचा नाही हं. मी चांगल्या घरातला आहे.

एकोणीसशे एकोणनव्वद साली क्लिफर्ड हॉलरॉइडनं मला निवडलं. दोन मोठ्या काचा, ॲल्युमिनियमची चौकट, एक काच स्थिर आणि एक सरकती. त्या काळी सगळ्या गल्लीत मागच्या बाजूला लाकडी दारं होती, पावसानं फुगलेली. शोरूममध्ये क्लिफर्डनं मला इतक्या वेळा सरकवून पाहिलं की विक्रेता घड्याळाकडे बघायला लागला.

"ऐकलंस का पोरी? आवाजसुद्धा नाही!" तो बायकोला म्हणाला.

"मला काय, तुला आवडला ना?" म्यूरिएल म्हणाली.

तिचं सगळं आयुष्य या एका वाक्यात मावेल. तिथल्या माणसांची रीतच तशी. घशाला कोरड पडली तरी 'चहा हवा' म्हणायचं नाही, 'तू करणार असशील तरच' म्हणायचं. म्यूरिएल तर त्यांच्यातही वरचढ.

बागेत जायला घराला माझ्याशिवाय वाट नव्हती. बाजूची बोळ क्लिफर्डनं गॅरेज बांधून बुजवली होती. त्यामुळे बागेत जाणारा प्रत्येक माणूस, प्रत्येक खुर्ची, कपड्यांची प्रत्येक टोपली माझ्यातूनच जायची. याची मला भारी घमेंड होती.

खरं सांगायचं तर त्या बागेवर माझा राग होता. म्यूरिएल माझ्यापाशी यायची, मूठ धरायची, मला सरकवायची आणि तिकडे निघून जायची. तासन्तास वाटाण्याच्या फुलांशी बोलत बसायची. मी उघडा, आ वासून तिची वाट बघत. माझ्याशी कोण बोलणार? दरवाजाशी कुणी बोलतं का?

पुढे क्लिफर्ड गेला. माझीही चाकं झिजली. मला आधी दोन्ही हातांनी उचलायचं, मग कमरेनं धक्का द्यायचा, तेव्हा कुठे मी हलायचो. दोन काचांच्या मधे वाफ धरली, सकाळची बाग धुरकट दिसायला लागली. माझ्या फटीतून वारा येतो म्हणून म्यूरिएलनं बाजारातून एक लांबलचक कापडी कुत्रा आणला आणि माझ्या पायाशी आडवा टाकला. त्याला ती 'माझं सोनं' म्हणायची. भुसा भरलेला, बटणांचे डोळे असलेला तो बेवारशी! माझ्यापेक्षा त्याचे लाड जास्त.

पण खरी आग लागली ती उजवीकडच्या घरात घडीचा दरवाजा बसला तेव्हा. काचेची चार पाखं, एकावर एक दुमडून भिंतीच्या कडेला गोळा होणारी. सगळी भिंतच उघडी! वर्षातून दहा दिवस ऊन पडणाऱ्या गावात भिंत उघडून बसायची हौस. त्या दहा दिवसांत शेजारी बाहेर सॉसेज भाजायचे आणि आल्यागेल्याला दरवाजा दुमडून दाखवायचे. नव्याची नवलाई, म्हणून मी नाक मुरडलं. पोटात मात्र दुखत होतं.

रविवारी म्यूरिएलचा मुलगा नायजेल आणि सून हेदर जेवायला यायचे. एका रविवारी बटाटे वाढता वाढता नायजेल म्हणाला, "आई, हा दरवाजा कामातून गेलाय. आम्ही तुला नवा बसवून देतो. घडीचा."

"कशाला रे राजा? चालतंय की माझं," म्यूरिएल म्हणाली.

मी हरखलो! बघा, तिला मी हवा होतो. गेले कित्येक महिने ती बागेत जातच नव्हती. रोज सकाळी चाकांचा वॉकर ढकलत माझ्यापाशी यायची, माझ्या काचेला हात लावून उभी राहायची आणि म्हणायची, "आज वारा फार आहे." मग परत फिरायची. आता ती बाहेर जात नाही, माझ्याजवळ थांबते, अखेर मी त्या बागेला हरवलं, असं मी धरून चाललो होतो.

तरी मंगळवारी नायजेल आणि हेदरनं कीरन नावाच्या विक्रेत्याला बोलावलंच, आणि स्वतःही आले. आधी चहा झाला, बिस्किटं झाली, पावसाविषयी बोलणं झालं. मग त्यानं पेटीतून नमुने काढले. तळहाताएवढे चौकटीचे तुकडे, आणि त्यावर हे तिघे माना वाकवून! म्यूरिएलनं एकावरून बोट फिरवलं. चौतीस वर्षं उन्हापावसात उभं राहिलो मी, आणि बोट फिरतंय त्या तुकड्यावर. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, इथे तर घरधनीणच फिरली होती.

रंग ठरला काळपट राखाडी, कारण सगळी गल्ली त्याच रंगाची. पाखं तीन की चार, आत दुमडायची की बाहेर, मूठ कोणती, यावर नायजेल आणि हेदरचं गोड भांडण झालं.

"म्यूरिएल, तुम्ही बोला ना. दरवाजा तुमचा आहे," हेदर म्हणाली.

"मला काय, तुम्हाला आवडेल तो."

मग कीरननं शेवटचे दोन तुकडे मांडले. उंबऱ्याचे. "हा उंच, हा सपाट. मी म्हणेन, उंच घ्या. आपल्याकडे पाऊस आडवा मारतो."

"उंचच लिहा," नायजेल म्हणाला. कीरननं पेन उघडलं.

तेवढ्यात म्यूरिएल म्हणाली, "ते दोन्ही जरा खाली ठेवतोस का रे? गालिच्यावर. तुला त्रास नसेल तर."

कीरननं ठेवले. ती खुर्चीतून उठली, वॉकर धरला आणि सपाट तुकड्यावरून गेली. पलीकडे वळली, परत आली. मग उंच तुकड्यापाशी गेली. वॉकरचं चाक खट्कन अडलं. तिनं पुन्हा ढकलून पाहिलं. पुन्हा अडलं. मग ती तशीच उभी राहिली.

नायजेलनं त्या तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे पाहिलं. माझा रूळ त्या तुकड्याहून दोन बोटं उंच होता.

"आई, तू बागेत शेवटची कधी गेलीस?"

"वारा असतो रे."

"वर्षभर वाराच?"

"मागच्या सप्टेंबरात गेले होते," ती म्हणाली. "म्हणजे निघाले होते."

आता मला सांगायलाच हवं. आतापर्यंत मी तुमच्यापासून लपवलं. सप्टेंबरातल्या त्या सकाळी वॉकरचं चाक माझ्याच रुळात अडकलं आणि ती गुडघ्यांवर पडली. अर्धी आत, अर्धी बाहेर. वीसेक मिनिटं ती माझी चौकट धरून उठायची धडपड करत होती. साक्षीला मी एकटाच. नंतर तिनं गुडघे पुसले, मोजे बदलले आणि कुणाला चकार शब्द सांगितला नाही. आणि मी? मला वाटलं होतं, बरं झालं, आता राहील घरात.

"अगं, मग सांगायचं नाहीस का?" नायजेलचा आवाज चढला होता, पण डोळे भरले होते.

"तुमच्या मागे काय कमी व्याप आहेत? आणि दरवाजा तुझ्या बाबांनी घेतलेला."

हेदरनं कीरनच्या हातातला कागद ओढला आणि स्वतःच 'सपाट' असं लिहिलं. "आडव्या पावसाचं आम्ही बघून घेऊ," ती म्हणाली. "फडकी आहेत घरात."

मी तिला अडवत होतो आणि ती मला दोष देत नव्हती, वाऱ्याला देत होती. लाज वाटली मला, खरंच वाटली. पण मत्सर लाजेनं मरत नाही.

सहा आठवड्यांनी दोन कारागिरांनी मला उचकटून काढलं आणि कुंपणाला टेकवून ठेवलं. डावीकडच्या घरातला रॉय कुंपणावरून म्हणाला, "टाकू नका, मला द्या. वाफ्यावर घालीन." म्हणजे झाकण म्हणून का होईना, खपलो. कुंपणापाशी उभा राहून मी त्या राखाडी दिमाखदाराला बसताना पाहिलं. तो सुंदर होता. घ्या, म्हणालो एकदाचं.

माझं एक ऐका. दरवाजा निवडाल तेव्हा काच, रंग, मूठ सगळं बघा, पण घरात सगळ्यांत हळू कोण चालतं त्याला आधी विचारा. तो 'मला काही नको' म्हणाला तर पुन्हा विचारा. त्याच्या पायांकडे बघून विचारा.

संध्याकाळी कारागीर गेले. पाखं दुमडली गेली आणि म्यूरिएल वॉकर ढकलत निघाली. मी कुंपणाला टेकून बघत होतो. चाकं उंबऱ्यावरून गेली, जणू तिथे काही नव्हतंच. ती माझ्या समोरून गेली, थेट बागेच्या टोकापर्यंत. माझ्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही.

माझ्या रुळाला चाक आपटलं की दर वेळी, अगदी ती पडली त्या सकाळीसुद्धा, ती मला म्हणायची, "माफ कर हं." त्या नव्याला ती काहीच म्हणाली नाही. म्हणायची वेळच आली नाही तिच्यावर. मला त्याचा हेवा वाटतो तो याचाच.