१९०३ च्या पानावरच्या सात मुली

जन्माच्या रजिस्टरात बिननावाच्या ओळीवर बोट ठेवलं की त्या ओळीतलं मूल टेबलावर येतं. मी १९०३ च्या पानावर वरून खालपर्यंत बोट फिरवलं आणि सात मुली आल्या. सगळ्या आठवड्याभराच्या, मुठी आवळलेल्या.

मुलग्यांच्या ओळींतून कुणी आलं नाही. गावचा कोतवाल जन्म टिपायला बारशाच्या आधीच येऊन जायचा, तेव्हा नाव कुणालाच नसायचं. मुलग्यांचं नंतर कुणीतरी आठवणीने भरलं. मुलींपुढे 'स्त्री' एवढंच राहिलं. बापांची नावं कसरीने खाल्लेली.

"यातली तुमची कोणती?" अभिलेख कक्षाचे गुंजाळ भाऊसाहेब चष्मा पुसत म्हणाले.

"माझी पणजी. बयजा."

"मला काय सांगताय ताई? त्यांना विचारा."

माझा चुलतभाऊ विश्वास घराण्याची वंशावळ छापतोय. तीत नऊ पिढ्यांचे पुरुष आहेत, एका पूर्वजाची घोडीसुद्धा नावानिशी आहे. पणजीच्या जागी 'पत्नी'. "जन्माचा कागद आण, नाव घालतो," विश्वास म्हणाला. माणूस वाईट नाही. फक्त कागद दाखवल्याशिवाय त्याला भूकसुद्धा लागत नाही.

मी एकेकीला उचलून पाहिलं. वजन सगळ्यांचं सारखं, एका ओळीइतकं. आमच्याकडचं बसकं नाक शोधलं, तर त्या वयात सगळ्यांचंच बसकं.

"एक अर्ज, एक नक्कल," भाऊसाहेब म्हणाले. "एक ठेवा, बाकीच्या पानात जातील. ओळखता येत नसेल तर 'नोंद आढळून येत नाही' असा दाखला देतो. पाचला बंद करायचंय."

आणि त्यांनी दाखला लिहायलाच घेतला. 'नोंद' लिहिलं, तशी माझ्या अर्जावरची सही गेली. 'आढळून' लिहिलं, तशा माझ्या बोटांवरच्या रेषा गेल्या. पणजी नाही तर आजोबा नाहीत, आजोबा नाहीत तर बाबा नाहीत. पुढचा नंबर कुणाचा ते मला कळत होतं.

"थांबा भाऊसाहेब. नाव घातलं तर ओळ भरते ना?"

"बारसं झालेलं असेल तर. उगाच कसं लिहू?"

"मग करते बारसं."

"आत्या कुठेय?"

"मी."

"पणती कधी आत्या होते का?"

"आज होते."

पहिलीला उचललं, तिच्या कानात कुर्र केलं आणि म्हटलं, "बयजा." ती हातात जड झाली. रजिस्टरात 'स्त्री' जरा डावीकडे सरकलं आणि उजवीकडे ओली शाई चमकली. दुसरीला उचललं. बयजा. तिसरी. बयजा.

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "सगळ्यांना एकच नाव? असं चालत नाही ताई."

"नियम दाखवा."

त्यांनी जाडजूड नियमपुस्तक काढलं. थुंकी लावून पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली. "नियम नाहीये," ते नाराजीने म्हणाले. "पण सहा जणींची खरी नावं दुसरीच असणार."

"त्यांनी तक्रार करावी. शंभर वर्षांत इथे कुणी फिरकलं नाही, कुणी आलंच तर मी बसलेय."

"आणि तुमची कोणती?"

"माझी असेल ती यात आली. नव्हत्या त्या आता झाल्या."

चौथी, पाचवी, सहावी. एकही पानात परत गेली नाही. सातवीचा कान गरम होता. तिच्याही कानात कुर्र केलं.

आत्याने नाव सांगितलं की बायकांनी तिच्या पाठीत बुक्क्या घालायच्या, अशी रीत. कक्षात मी सोडून बाई नव्हती. पण भाऊसाहेब अर्धवट दाखला हातात धरून माझ्या मागे बघत होते.

पहिली बुक्की बसली. मोठ्या हाताची, बांगड्यांसकट. मी मोजत गेले. सात झाल्या. मग आठवी बसली, आणि नववी.

"ताई," भाऊसाहेब हळूच म्हणाले, "मागे बिननावाच्या अजून उभ्या आहेत. किती ओळी आखू?"

चाळिसावीला मी टेबलाची कड धरली, पाय रोवले आणि पाठ आणखी पुढे केली.